कुलाब्याचा मुक्काम आणि तेरचा वाडा

संत गोरोबाकाकांची चैत्री यात्रा पांगून गावाला पुन्हा आपली नेहमीची संथ चाल सापडली असताना, तेर येथील एका माळवदी वाड्याच्या ढेलजेत बसून काका-पुतणींमध्ये जो वाद झाला, तो मी शेजारधर्माने शेवटपर्यंत ऐकला. आणि दोघांचेही म्हणणे हट्टातून निघालेले नसून अनुभवातून आलेले असल्यामुळे तो नमूद करून ठेवावा असे मला वाटले. काका, ज्यांना सारा गाव अण्णा म्हणतो, महसूल खात्यात कारकून म्हणून शिरले आणि नायब तहसीलदार होऊन निवृत्त झाले. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या अमलात पेशकारी केली होती आणि त्या काळचे उर्दू दस्तऐवज आजही वाड्यातील एका सागवानी पेटीत बासनात बांधलेले आहेत. पुतणी मुंबईस वास्तुविशारद आहे व जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचेच काम करते. वाड्याचा निम्मा भाग तिच्या वडिलांचा, म्हणजे आता तिचा. आणि तो पडू देण्यापेक्षा नीट करून तेथे प्रवाशांसाठी चारपाच खोल्यांचे एक लहानसे निवासस्थान काढावे, असा तिचा प्रस्ताव होता. नमुना म्हणून तिने कुलाब्यातील ज्या हॉटेलाचा दाखला दिला, त्यात गेल्या हिवाळ्यात एका कामानिमित्त मुंबईस गेलेल्या अण्णांना तिनेच उतरवले होते.

रीगल चित्रपटगृहाच्या पाठीमागे, कुलाबा कॉजवे आणि अपोलो बंदर यांच्या बेचक्यात जुन्या इमारतींची जी दाट वस्ती आहे, तिच्यातील एका घराच्या वरच्या मजल्यावर ते हॉटेल आहे. अशा ठिकाणांना बुटीक हॉटेल म्हणतात. एकही खोली दुसरीसारखी नसते. जमिनीला नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या, छतापासून लांब दांडीने लोंबणारा पंखा, शिवणयंत्राच्या बिडाच्या पायांवर बसवलेले लिहिण्याचे मेज, भिंतींवर पारा उडालेले आरसे, आणि सकाळी सर्व पाहुण्यांनी एकाच लांब मेजाशी बसून करावयाची न्याहारी. जिन्याखाली मात्र मुंबईची रात्र अष्टौप्रहर उभी असते. 1871 साली सुरू झालेले लिओपोल्ड कॅफे, मारिओ मिरांडांच्या चित्रांनी भिंती भरलेले माँडेगार, त्यांच्या आसपासचे बार, पदपथावरचे दागिने आणि चपलांचे ठेले, आणि या सर्वांमधून मध्यरात्रीनंतरही वाहणारी तरुण माणसांची दाटी.

"झोप आली नाही हे माझे गाऱ्हाणे नाही, एवढे आधी समजून घे," अण्णा म्हणाले. "माझ्या वयाला झोप कुठेच पुरती येत नाही. माझे म्हणणे त्या चौकटीविषयी आहे."

ही चौकट म्हणजे त्या खोलीत पलंगाच्या उशाशी, भिंतीला टेकवून, शोभेसाठी उभी केलेली एका जुन्या घराची दाराची चौकट. अण्णांनी ती दिवा लावून न्याहाळली होती. कडीकोयंडा काढून टाकलेला असला तरी कडी घासून घासून लाकडात पडलेली अर्धगोल खाच तशीच होती. गणेशपट्टीवरील मूर्तीच्या सोंडेच्या वळणात हळदीकुंकवाचा थर इतका मुरलेला होता की पॉलिश करणाऱ्याला तो निघाला नव्हता. आणि डाव्या बाजूच्या खांबावर, लहान मुलाच्या उंचीवर, खिळ्याने ओढलेल्या आडव्या रेघा एकीवर एक चढत गेल्या होत्या. "पोरांची उंची मोजली होती कुणीतरी," अण्णा म्हणाले. "तो दरवाजा कोणत्या तालुक्यातला, कोणत्या गावचा, हे त्या हॉटेलात कुणालाही सांगता येईना. मी सौजन्याने विचारले, त्यांनीही सौजन्याने सांगितले की चोरबाजारातून आणला. आपल्या मुलखातले वाडे पाडून लाकडाचे ट्रक भरून जातात, हे मी नोकरीत असताना डोळ्यांनी पाहिले आहे. ते ट्रक कुठे रिकामे होतात, ते मला त्या रात्री कळले. एक घर मोडून दुसऱ्या घराला जुनेपण आणायचे, याला तू वारशाचे रक्षण कशी म्हणतेस?"

पुतणीने उत्तर द्यायला घाई केली नाही. "अण्णा, तो वाडा हॉटेलवाल्याने पाडला नाही," ती म्हणाली. "तो पडला, कारण त्यात राहायला माणूस उरले नाही, आणि माळवदाखाली निजायची ज्यांना भीती बसली त्यांनी तो विकला. ती भीती कुठून आली हे तुम्हाला मी सांगायला नको."

ती भीती 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेची होती. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे झोपली असताना किल्लारीचा भूकंप झाला, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळजवळ दहा हजार माणसे दगावली, आणि त्यांतील बहुतेकांवर पडले ते त्यांच्याच घराच्या गोलगोट्यांच्या जाड भिंतींचे दगड आणि माळवदाची माती. दर पावसाळ्यापूर्वी गळती थांबवण्यासाठी माळवदावर नव्या मातीचा थर चढवत जावे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. तिच्यामुळे छताचे ओझे वाढतच गेले होते. त्यानंतर कित्येक कुटुंबांनी लाकूड विकले, पत्रे घातले आणि उन्हाळ्यात भाजत राहणे पत्करले. "घर कसे सावरावे हे तेव्हाच तज्ज्ञांनी सांगून ठेवले होते," पुतणी म्हणाली. "माळवदाची जाडी कमी करा, भिंतीत मधूनमधून आरपार जाणारे दगड बसवा, खांब आणि तुळया जिथे मिळतात तिथे तिरके आधार द्या. पण याला पैसा लागतो, आणि ज्या घरातून पैसा येत नाही त्यात पैसा घालायला कुणी धजत नाही. कुलाब्यात तो पैसा प्रवाशाच्या भाड्यातून येतो. लॅन्सडाऊन हाउस पाहा; विसाव्या शतकाच्या प्रारंभीची ती इमारत, तिच्या पहिल्या मजल्यावर ‘अबोड’ नावाचे हॉटेल चालते, आणि इमारत उभी आहे. तिथून चालत थोडे पुढे काळा घोडा भागात जा. तिथे वॉटसन हॉटेलची इमारत आहे, बिडाचा सांगाडा विलायतेहून आणून उभारलेली, जिच्यात 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली. हॉटेल बंद झाले, खोल्यांच्या खोपट्या झाल्या, सज्जे कोसळले, आणि अखेर न्यायालयाला माणसे बाहेर काढावी लागली. 1995 साली मुंबईला वारसा नियमावली मिळाली; पण यादीत नाव लागल्याने कोणाची कौले शाकारली जात नाहीत."

मला स्वतःला हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. वापरातून गेलेली वास्तू पुराणवस्तू होते आणि पुराणवस्तू होण्याइतकी जी भाग्यवान नसते ती ढिगारा होते, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. तरीही अण्णांच्या त्या चौकटीचे उत्तर त्यात नाही. तेरलाच उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी द्वारशाखा देवळावरून निघाली, परंतु ती रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या शासकीय संग्रहालयात, म्हणजे गावातच राहिली. तिच्याविषयी विचारले तर ती कोणत्या देवाच्या दारची हे येथील शाळकरी पोरही सांगते. स्थलांतर हा दोष नव्हे, निनावी होऊन शोभेला जाणे हा आहे, असे मी त्यांना मध्येच बोललो, आणि दोघांनीही माझ्याकडे आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून पाहिले.

मग बोलणे रात्रीकडे वळले, आणि येथे अण्णा अधिक तपशिलाने बोलू लागले. दीड वाजेपर्यंत खालून ठोक्याचे संगीत येत राहिले. मुंबईत बारची कायदेशीर मुदत तेवढीच असल्यामुळे दीडला ते थांबले, आणि मग शटर ओढण्याचे, रिकाम्या बाटल्यांचे पेटारे फरफटवण्याचे, टॅक्सीवाल्यांशी भाड्याची घासाघीस करण्याचे आवाज सुरू झाले. अण्णा खाली उतरले. दाराशी रात्रपाळीचा जो मुलगा स्टुलावर बसला होता, त्याच्या पहिल्याच वाक्याच्या हेलावरून त्यांनी ओळखले, तो परांडा तालुक्यातला निघाला. एका खोलीत अनेक जण पाळीपाळीने निजतात, दिवसपाळीचा उठला की त्याच्याच अंथरुणावर रात्रपाळीचा आडवा होतो, असे त्याने कोणतीही कुरकुर न करता सांगितले. "शहर रात्रभर जागते असे तुम्ही कौतुकाने लिहिता," अण्णा म्हणाले. "कोण जागते ते लिहीत नाही. वर मी निजण्याचे भाडे भरून जागा होतो, समोर पोरे जागण्याचे पैसे मोजून जागी होती, आणि हा आपल्या जिल्ह्याचा मुलगा जागण्याचा पगार घेऊन जागा होता. रात्र एकच, पण तिघांची मिळून एक म्हणावी अशी ती नव्हती."

"आणि पहाटे?" पुतणीने विचारले. "पहाटेचे तुम्ही सांगत नाही."

अण्णांनी तेही सांगितले. चारच्या सुमारास तोच मुलगा पाळी संपवून त्यांना चालत ससून डॉकपर्यंत घेऊन गेला. 1875 साली बांधलेली ती गोदी अंधारातच भरली होती. बर्फाचे ट्रक, ओल्या फरशीवर ओतलेले कोळंबीचे ढीग, डोक्यावर पाट्या घेऊन धावणारी माणसे, आणि पातळाचा काष्टा घट्ट खोचून लिलावाची बोली पुकारणाऱ्या कोळणी. अण्णांच्या घरात माळ आहे, मासळीचा वास त्यांना सोसत नाही. तरी ते उजाडेपर्यंत तेथे उभे होते. एकेका ढिगाचा भाव हातातल्या कागदाविना, नुसत्या नजरेने आणि बोलीने ठरतो आणि कोणीही मागाहून तक्रार करत नाही, याचा त्यांच्यातल्या महसुली माणसाला मोठा आदर वाटला होता. आणि तो त्यांच्या बोलण्यात लपला नाही.

"दादरच्या एखाद्या धर्मशाळेत तुम्हाला उतरवले असते, तर हे तुम्ही पाहिले असते का?" पुतणी म्हणाली. "शांत झोप लागली असती, आणि मुंबई पाहिल्याशिवाय परत आला असता. मुक्कामाची जागा म्हणजे नुसते अंथरूण असे मी मानत नाही. प्रवाशाला त्या गावाच्या अंगणात उतरवणे हे तिचे काम आहे. अंगण गजबजलेले असेल तर गजबजाटासकट. कुलाबा काही आज गजबजला नाही. 1838 साली कॉजवे बांधून बेट मुंबईला जोडले, 1874 साली घोड्यांच्या ट्रामगाड्या कुलाब्याहून पायधुणीकडे धावू लागल्या, खलाशी, सोल्जर, व्यापारी तेव्हापासून तिथे रात्री हिंडत आलेत. आणि आपल्या गावाचे काय? गोरोबाकाकांच्या यात्रेत रात्रभर टाळमृदंग चालतो, तेव्हा तेरमध्ये कोण झोपते?"

अण्णा या प्रश्नावर दुखावतील असे मला वाटले होते. ते दुखावले नाहीत. "जागरात गाणारा, ऐकणारा आणि ज्याच्या ओसरीवर फड उतरला तो, असे तिघेही एकाच बैठकीत असतात," ते म्हणाले. "कोणी कोणाचे गिऱ्हाईक नसते."

"बिदागी असते ना, अण्णा? पंगतीचा खर्च असतो, मांडववाल्याचे बिल असते. आणि मांडववाल्याचा गडी रात्रभर दिवे सांभाळत जागा असतोच. त्याला कुणी बैठकीत बसवत नाही."

या वाक्यानंतर अण्णा काही वेळ गप्प राहिले. पुतणीने तो विजय पुढे रेटला नाही, हे तिच्या संस्काराला शोभण्यासारखेच होते. उलट परांड्याच्या मुलाचा प्रश्न तिने स्वतःहून पुन्हा हाती घेतला. 2017 सालच्या राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्याने बहुतेक व्यवसायांना अहोरात्र उघडे राहण्याची मोकळीक दिली, आणि 2020 च्या जानेवारीत मुंबईत ज्या भागांत वस्ती नाही तेथे रात्रभर उपाहारगृहे चालवण्याचा प्रघात सुरू झाला. त्याच कायद्यात नोकरांचे तास, साप्ताहिक सुटी, स्त्रियांच्या रात्रपाळीसाठी संरक्षण यांचीही कलमे आहेत. आणि 2000 सालच्या ध्वनिनियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत व्यापारी भागात 55 डेसिबल आणि निवासी भागात 45 डेसिबल अशी मर्यादा घातलेली आहे. कुलाब्याची अडचण अशी की तेथे एकाच इमारतीत तळमजला व्यापारी आणि वरचे मजले निवासी असतात. "तेव्हा कायदा अपुरा नाही, अंमल अपुरा आहे," ती म्हणाली. आणि आयुष्यभर अंमलबजावणीच केलेल्या माणसाने त्यावर नुसती मान हलवली.

बुटीक हॉटेलांचा उगमही तिने त्या ओघात सांगितला, तो मला नवा होता. लंडनमध्ये 1978 साली ब्लेक्स निघाले. पण जगभर या प्रकाराचा बोलबाला झाला तो न्यूयॉर्कच्या मॉर्गन्समुळे, जे 1984 साली इयान श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल या दोघांनी काढले. याच जोडीने त्यापूर्वी 1977 साली स्टुडिओ 54 हा प्रख्यात रात्रीचा क्लब काढला होता, आणि प्राप्तिकर चुकवल्याबद्दल दोघेही तुरुंगवास भोगून आले होते. म्हणजे रात्र रंगवण्याची कला ज्यांना अवगत होती, त्यांनीच निजण्याची जागा नव्याने रचली. "मग त्या खोलीत मला झोप येत नाही यात नवल ते काय," अण्णा म्हणाले, आणि हे त्यांनी तक्रारीने म्हटले नाही. एखाद्या मिसलीचा मूळ कागद सापडला की कारकुनाला जे समाधान होते, त्या समाधानाने म्हटले.

परंतु अण्णांचा खरा आक्षेप तेरविषयी होता. कुलाबा हे नगर, तेर हे खेडे; नगराचा प्रकार खेड्यात कशाला? यावर पुतणीने जे उत्तर दिले, ते या संपूर्ण संवादाचे मर्म आहे असे मी समजतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ‘पेरिप्लस’ हा व्यापारी प्रवासग्रंथ लिहिणाऱ्या अनामिक ग्रीकाने भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर हे फार मोठे नगर असल्याचे लिहून ठेवले. तगराहून जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, जेथे धड वाट नाही अशा मुलखातून, भडोचच्या बंदरावर जात असे. हे तगर म्हणजेच तेर, हे संशोधक फ्लीट यांनी 1901 साली सिद्ध केले. 1938 साली पॉम्पेईच्या राखेतून जी हस्तिदंती स्त्रीप्रतिमा निघाली, तिच्याशी नाते सांगणारी हस्तिदंती प्रतिमा तेरच्या संग्रहालयात आहे. "तगरात गाड्या रात्री सुटत असतील, अण्णा," पुतणी म्हणाली. "उन्हाळ्यात बैल दिवसा चालत नाहीत. भडोचचे दलाल, पैठणचे व्यापारी, विहारांकडे निघालेले भिक्षू, सगळे कुठेतरी उतरत असतील, आणि खाली कुणीतरी रात्रभर कंदील धरून जागे असेल. त्रिविक्रमाचे देऊळ मुळात विटांचे चैत्यगृह होते. तिथे नवखा माणूस येत होता म्हणूनच ते उभे राहिले. आणि ज्या मुंबई-ठाण्याच्या मुलखाला तुम्ही नगर म्हणता, त्यावर राज्य करणारे शिलाहार स्वतःला अभिमानाने ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. ठाण्यात बसून आपले मूळ सांगायला त्यांना आपल्या गावाचे नाव लागत होते. तेर हे उतरण्याचे गाव होते. आता इथे येणारा संग्रहालय घाईने पाहतो, गोरोबाकाकांच्या समाधीचे दर्शन घेतो आणि मुक्कामाला सोलापूर गाठतो. त्याला गावची एक रात्रही आपण देत नाही."

अण्णा उठले, आणि ढेलजेच्या भिंतीत जेथे गिलावा सुटला होता तेथे त्यांनी बोटाने दाखवले. मातीत एक लालसर, काठाला पांढरट झाक असलेली खापरी रुतलेली होती. माळवदाला आणि भिंतींना गावाने पिढ्यान्‌पिढ्या पांढरीची माती वापरली. म्हणजे तगर नगराच्या ढिगाऱ्याची. पहिल्या पावसानंतर पांढरीवर मणी उघडे पडतात आणि पोरे ते वेचतात, तसेच या भिंतीतूनही पूर्वी मणी निघाले होते. "या घराला जुनेपण विकत आणावे लागत नाही," ते म्हणाले. "म्हणून मी भितो. शौचकूप लागतील, मागे खड्डे पडतील. परसाखाली काय आहे ते कुणी पाहिले आहे? चापेकरांनी 1958 साली गावात उत्खनन केले तेव्हा थरन्‌थर मोजून उतरले होते. तुझा जेसीबीवाला थर मोजणार नाही."

"खड्डा करायचा नाही," पुतणी म्हणाली. "टाकी जोत्यावर, जमिनीच्या वर बसवता येते. खर्च वाढतो. तो मी धरला आहे."

आणि मग, महसुली माणसाचा पिंड जागा झाल्यामुळे, अण्णांनी कागद मागवला आणि करारनाम्याचा मसुदाच सांगायला घेतला. परसात कुदळ लावायची नाही. बाहेरच्या वाड्याची चौकट, खांब वा तुळई विकत आणून बसवायची नाही. जे लाकूड सडले असेल त्याच्या जागी नवे लाकूड गावच्या सुताराकडून घडवावे आणि ते नवे आहे हे दिसू द्यावे. चैत्रात यात्रेच्या काळात वाडा पूर्वीप्रमाणे दिंडीसाठी मोकळा ठेवावा, आणि त्या दिवसांचे भाडे कोणाकडूनही घेऊ नये. पुतणीने ही सारी कलमे मान्य केली. रात्री दहानंतर चौकात वाद्य वाजू नये हे कलम आले, तेव्हा तिने भजनाचे काय असे विचारले; अण्णांनी लेखणी थांबवली, आणि ती जागा कोरी सोडून ते पुढे गेले. अखेरचे कलम तिने स्वतः घातले: रात्रपाळीला जो माणूस राहील, त्याला वाड्यातच स्वतंत्र खोली आणि स्वतःचे अंथरूण असावे, आणि ती खोली कितीही गर्दी झाली तरी पाहुण्याला देऊ नये. अण्णांनी ते शब्दशः लिहून घेतले व पुन्हा एकदा वाचून दाखवले.

खोलीचा दर किती असावा यावर त्यांचे एकमत झाले नाही. तिने सांगितलेला आकडा अण्णांना अन्यायाचा वाटला, आणि अण्णांनी सुचवलेल्या आकड्यात भिंतींमधले आरपार दगडसुद्धा बसणार नाहीत असे तिने हिशेब मांडून दाखवले. तेवढ्यावर बैठक उठली. कारण माळवदाची माती पावसाळ्यापूर्वी उतरवायची तर एक वैशाखच काय तो हाती होता, आणि सुताराला त्याच संध्याकाळी निरोप धाडणे भाग होते.